बालबुद्धीचा मापारी : आल्फ्रेड बिने

मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका काढावयाचे ठरले, तेव्हा आपल्या चिटणीसबाई माझ्या घरी आल्या आणि यंदा पाककृती नको, प्रवासवर्णनही नको, असे त्यांनी मला बजावले. दर बुधवारी दुपारी आपण मानसशास्त्राच्या तोंडओळखीचा जो अभ्यासवर्ग चालविला, त्यातीलच काहीतरी लिहून द्या, असा त्यांचा आग्रह पडला. हा वर्ग कसा चालला हे त्यात बसणाऱ्या भगिनींना ठाऊक आहेच. आरंभी वीस-बावीसजणी होत्या; लक्ष आणि स्मरण यांवरील प्रकरणे येईपर्यंत अकराजणी उरल्या. पण मनोविकार आणि बुद्धी ही दोन प्रकरणे निघाली मात्र, नि सतरंजी पुरेना! याचे कारण उघड आहे. आपल्यापैकी प्रत्येकीच्या घरात, नात्यात नाहीतर शेजारात एखादे असे माणूस असतेच, की ज्याच्याविषयी आपण आवाज उतरवून बोलतो.

त्या चर्चांत मला एक गोष्ट जाणवली. मन आजारी पडणे, बुद्धीची वाढ कमी होणे आणि अभ्यासात मागे पडणे या तीन अगदी निरनिराळ्या गोष्टी आपण एकाच गाठोड्यात बांधतो. दुसरी गोष्ट अशी की, बुद्ध्यंक नावाचा आकडा आता पुष्कळ घरांत येऊन पोहोचला आहे. शाळेतून मुलाची चाचणी करून आणावयास सांगतात, एक कागद हातात पडतो आणि त्या कागदावरील आकड्याने आईची झोप उडते. हा आकडा कोठून आला, तो मोजावयास प्रथम कोण बसले आणि कशासाठी बसले, हे समजले तर त्याची भीती थोडी कमी होईल असे मला वाटते. म्हणून मी फ्रान्समधील आल्फ्रेड बिने यांचे चरित्र निवडले. ते निवडण्यास माझे स्वतःचेही एक कारण आहे. मी तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकविले आणि त्या काळात एका मुलीचे माप मी चुकीचे घेतले. ती हकीकत शेवटी सांगेन.

बिने यांचा जन्म जुलै १८५७ मध्ये नीस या समुद्रकाठच्या शहरी झाला. नीस त्या वेळी सार्डिनियाच्या राज्यात होते. १८६० साली ते फ्रान्सकडे आले. वडील डॉक्टर होते आणि आईला चित्रकलेचा नाद होता. आईवडिलांचे पटले नाही, ते विभक्त झाले आणि या एकुलत्या एका मुलाला आईनेच वाढविले. मुलाचा भित्रेपणा जावा म्हणून वडिलांनी त्याला एकदा प्रेतापाशी नेले, अशी एक गोष्ट त्यांच्याविषयी सांगतात. भीती गेली तर नाहीच, उलट ती मनात घर करून बसली. मुलाचे मन न ओळखता त्याला सुधारावयास गेले म्हणजे काय होते, याचा पहिला धडा त्यांना असा घरीच मिळाला.

पुढे आईने मुलाला शिक्षणासाठी पॅरिसला नेले. तेथील एका नामांकित शाळेत ते शिकले आणि १८७८ साली कायद्याची पदवी मिळवून बाहेर पडले. परंतु वकिलीत त्यांचे मन रमेना. मग वैद्यकाचा अभ्यास आरंभिला, तोही अर्ध्यावर सुटला आणि मधल्या काळात प्रकृतीही ढासळली. आपल्याकडे अशा मुलाला घरच्यांनी काय काय ऐकविले असते ते सांगावयास नको! सुदैवाने घरची खाऊनपिऊन सुखी स्थिती होती. बरे वाटू लागल्यावर ते पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जाऊन बसू लागले आणि तेथे मानसशास्त्राची पुस्तके त्यांच्या हाती लागली. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांचे लेखन त्यांनी फार आवडीने वाचले. या विषयाचे शिक्षण त्यांनी कोणत्याही गुरूजवळ बसून घेतले नाही. बुद्धिमापनाचा पाया घालणारा हा गृहस्थ स्वतः असा वाट चुकत चुकत, वाचून वाचून शिकलेला होता, हे आपण ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

१८८३ च्या सुमारास ते साल्पेत्रिएर या पॅरिसमधील प्रचंड रुग्णालयात जाऊ लागले. हे रुग्णालय स्त्रियांचे. निराधार, वृद्ध, फेफरे येणाऱ्या आणि मन बिघडलेल्या हजारो बायका तेथे राहत. झां मार्तें शार्को हे तेथील प्रमुख डॉक्टर. मज्जातंतूंच्या रोगांविषयी त्यांचा शब्द सबंध युरोपात प्रमाण मानीत. हिस्टेरिया या विकाराचा ते अभ्यास करीत होते. या विकारात हात लुळा पडे, दिसेनासे होई, वाचा बसे, झटके येत. पण शरीर तपासले तर त्या अवयवात बिघाड सापडत नसे. रोगी ढोंग करीत आहे असे पुष्कळ डॉक्टर म्हणत. शार्को यांनी मात्र हा खरा विकार आहे असे मानले, हे त्यांचे मोठे उपकार होत. आज हिस्टेरिया हे नाव वैद्यकाने टाकून दिले आहे; पण अशी लक्षणे खरी असतात आणि रोगी ती मुद्दाम करीत नाही, ही गोष्ट आजही तितकीच खरी मानतात.

शार्को अशा रुग्ण स्त्रियांना संमोहित करून त्यांचे प्रयोग दाखवीत. तरुण बिने त्यात अगदी रंगून गेले. चार्ल्स फेरे नावाच्या डॉक्टरांबरोबर त्यांनी स्वतः प्रयोग केले आणि एक नवलाचा शोध लागल्याचे जाहीर केले. संमोहित स्त्रीजवळ लोहचुंबक नेला की उजव्या हाताची हालचाल डाव्या हाताकडे जाते, लुळेपणा एका बाजूचा दुसऱ्या बाजूस जातो, इतकेच काय, मनातील भावनाही उलट्या होतात, असे त्यांना दिसले. यावर त्यांनी १८८७ मध्ये पुस्तकही काढले.

बेल्जियममधील देल्बफ नावाचे एक प्राध्यापक हे प्रयोग डोळ्यांनी पाहावे म्हणून मुद्दाम पॅरिसला आले. त्यांना काय आढळले? लोहचुंबक रुग्ण स्त्रीच्या समोर उघडाच असे, आणि आता काय घडणार याविषयी ही मंडळी तिच्यादेखतच बोलत असत. ती बिचारी सर्व ऐके आणि तिच्याकडून जे अपेक्षित असे ते तिच्याकडून नकळत घडे! देल्बफ यांनी परत जाऊन काळजीपूर्वक प्रयोग केले तेव्हा लोहचुंबकाचा काहीएक परिणाम दिसेना. नांसी या गावच्या डॉक्टरांनीही हे सर्व सूचनेचे परिणाम आहेत असे दाखवून दिले. बिने प्रथम हट्टाने भांडले. वादविवाद काही वर्षे चालला. पण अखेर आपल्या प्रयोगांत मोठी फट होती हे त्यांनी छापून कबूल केले आणि ते साल्पेत्रिएर सोडून निघून गेले.

भगिनींनो, या माणसाच्या आयुष्यातील सर्वांत मोलाची गोष्ट मला हीच वाटते. आपल्याला जे पाहावयाचे असते तेच आपण समोरच्या माणसात पाहतो, आणि समोरचे माणूस दुबळे असले तर ते आपल्याला हवे तसे वागूनही दाखविते. हे त्यांनी स्वतःची अब्रू गमावून शिकून घेतले. पुढे १९०० साली त्यांनी सूचनेच्या प्रभावावर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यासाठी शाळेतील मुलांवर केलेले प्रयोग मनोरंजक आहेत. मुलांना एकामागून एक रेघा दाखवावयाच्या. पहिल्या काही रेघा चढत्या लांबीच्या, पुढच्या साऱ्या सारख्या. तरी पुष्कळ मुले प्रत्येक रेघ आधीच्या रेघेहून मोठीच काढीत. दुसऱ्या एका प्रयोगात पुठ्ठ्यावर डकवलेले बटण दाखवून, ते कोणत्या दोऱ्याने लावले होते असे आडवळणाने विचारावयाचे. दोरा मुळी नव्हताच, तरी काही मुलांना तो आठवे! मोठ्या माणसाने प्रश्न कसा विचारला यावर मुलाचे उत्तर अवलंबून असते, हे यातून उघड झाले.

त्यांचा संसार या सुमारास सुरू झाला होता. १८८४ साली प्रसिद्ध शास्त्रज्ञ बाल्बियानी यांची कन्या लोर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मादलेन आणि आलीस अशा त्यांना दोन मुली. प्रयोगशाळेतील पदवी हाती नसलेल्या या बापाने घरालाच प्रयोगशाळा केले. मुली चालावयास शिकत होत्या तेव्हापासून ते टिपणे ठेवू लागले. थोरली गंभीर, पुढचा आधार नजरेच्या टप्प्यात असला तरच हातातली खुर्ची सोडी. धाकटी हसत हसत कोठेही निघे, आणि पडे. बारा-चौदा वर्षांच्या झाल्यावर दोघींना झाडाचे एक पान देऊन त्याचे वर्णन लिहावयास सांगितले. थोरलीने त्याचा आकार, रंग, शिरा नीट मांडल्या. धाकटीने पानगळीची उदासी लिहिली. एकाच आईच्या पोटच्या, एकाच घरात वाढलेल्या दोघी मुली. यांतली हुशार कोणती म्हणावयाची? या निरीक्षणांचे पुस्तक १९०३ साली निघाले. त्यात मुलींची नावे मात्र त्यांनी बदलून घातली.

त्या काळचे पुष्कळ शास्त्रज्ञ डोक्याचा घेर मोजून, स्पर्शाची तीक्ष्णता मोजून बुद्धी कळेल असे मानीत. बिने यांनीही पुष्कळ मुलांची डोकी मोजली. हुशार आणि मागे पडणाऱ्या मुलांच्या डोक्यांत फरक अगदी थोडा निघाला. शिवाय मूल कसे आहे हे आधी माहीत असले की मोजणाऱ्याचा हातही कळत नकळत त्या बाजूस झुकतो, असे त्यांनी स्वतःविषयीच लिहून ठेवले. बुद्धी पाहावयाची तर समजणे, ठरविणे, तारतम्य राखणे हे पाहिले पाहिजे, अशा निर्णयाला ते आले.

१८९१ पासून ते सॉर्बोन येथील मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत बिनपगारी काम करू लागले आणि १८९४ साली तिचे संचालक झाले. त्याच साली कीटकांच्या मज्जासंस्थेवर प्रबंध लिहून त्यांनी डॉक्टरेट मिळविली. डोळ्यांवर पट्टी बांधून बुद्धिबळ खेळणारे खेळाडू, तोंडी अवाढव्य हिशेब करणारे गणिती, अशा लोकांचाही त्यांनी अभ्यास केला. पण फ्रान्समध्ये प्राध्यापकाची जागा त्यांना अखेरपर्यंत मिळाली नाही. स्वभाव एकलकोंडा, मागे मोठा वशिला नाही, आणि साल्पेत्रिएरच्या फजितीची आठवण लोकांना होतीच.

आता मुख्य कार्याकडे वळू. फ्रान्समध्ये १८८२ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. गरीब-श्रीमंत सर्व मुले शाळेत आली, तेव्हा काही मुलांना शिकविलेले मुळीच उमजत नाही असे दिसू लागले. या मुलांचे करावयाचे काय? त्यांना वेड्यांच्या इस्पितळाशी जोडलेल्या संस्थांत ठेवावे असे काही डॉक्टरांचे मत होते. ही मुले आजारी नाहीत, ती सावकाश शिकणारी आहेत, त्यांना शाळेतच निराळा वर्ग काढून शिकवावे, असे बिने आणि त्यांचे सहकारी म्हणत. मानसशास्त्राच्या पहिल्या पुस्तकातही आज हाच भेद शिकवितात. मनोविकार हा आजार होय. तो कोणत्याही वयात, कितीही बुद्धिमान माणसाला होऊ शकतो आणि त्यावर उपचार असतात. बुद्धीची वाढ मंद असणे ही लहानपणापासूनची अवस्था होय. तेथे औषधापेक्षा शिक्षण आणि सवय यांची गरज अधिक. मूल नुसते अभ्यासात मागे पडले तर त्याची कारणे तर आणखीच निराळी असू शकतात.

१९०४ साली फ्रान्सच्या शिक्षणमंत्र्यांनी या प्रश्नासाठी एक समिती नेमली. तीत बिने होते. मूल मंदबुद्धी आहे हे ठरवावयाचे कोणी आणि कसे, हा पहिलाच प्रश्न निघाला. डॉक्टरांचे दाखले पाहू जाता एकाच मुलाला एका ठिकाणी एक नाव तर दुसऱ्या ठिकाणी दुसरेच नाव दिलेले आढळे. शिक्षकांवर सोडावे, तर वर्गात त्रास देणारे प्रत्येक मूल ते मंद ठरवून बाहेर काढतील ही भीती. पालकांचीही आपापली कारणे असत. म्हणून सर्वांना सारखे लागू पडेल असे एक माप हवे होते.

थिओडोर सायमन नावाच्या तरुण डॉक्टरांच्या मदतीने बिने यांनी ते माप तयार केले. सायमन हे एका मनोरुग्णालयात नोकरीस असताना त्यांच्याकडे शिकावयास आले होते. पहिली चाचणी १९०५ साली प्रसिद्ध झाली. तीत तीस प्रश्न होते, सोप्यापासून अवघडाकडे जाणारे. जळत्या काडीकडे नजर फिरते का, चॉकलेट आणि लाकडाचा तुकडा यांतला फरक कळतो का, येथपासून आरंभ. १९०८ साली त्यांनी चाचणी सुधारून वयाप्रमाणे लावली. तीन वर्षांच्या मुलाने नाक, डोळे, तोंड दाखवावे, आडनाव सांगावे, दोन आकडे ऐकून परत म्हणावे. चार वर्षांच्याने किल्ली, चाकू, नाणे ओळखावे. पाच वर्षांच्याने दोन वजनांतले जड कोणते ते सांगावे, चौकोन पाहून काढावा, चार नाणी मोजावीत. पुढे डावे-उजवे, वारांची नावे, महिन्यांची नावे, असे चढत जावयाचे. आठ वर्षांचे मूल सहा वर्षांच्या मुलांचेच प्रश्न सोडवू शकले, तर त्याची मानसिक पातळी सहा वर्षांची समजावयाची. किती साधी युक्ती! यंत्र नाही, सुई नाही; रोजच्या घरातल्याच गोष्टी.

चाचणी घेण्याची रीत त्यांनी फार जपून घालून दिली. खोली शांत असावी, मुलाचे हसून स्वागत करावे, ते लाजत असेल तर वेळ द्यावा, चुकले तरी रागावू नये, आणि उत्तर सुचेल असा प्रश्न विचारू नये. साल्पेत्रिएरचा धडा येथे उपयोगी पडला.

याहूनही महत्त्वाचे म्हणजे या मापाच्या मर्यादा त्यांनी स्वतःच सांगितल्या. लांबी मोजावी तशी बुद्धी मोजता येत नाही. हे माप मूल आज कोठे आहे एवढेच दाखविते, उद्या ते कोठे जाईल हे दाखवीत नाही. एकदा घेतलेल्या चाचणीवर जन्माचा शिक्का मारू नये. असे त्यांचे म्हणणे होते. १९०९ साली त्यांनी मुलांविषयीच्या नव्या विचारांवर पुस्तक लिहिले आणि बुद्धी जन्मतःच ठरलेली असते, ती वाढतच नाही, या समजुतीवर कडक टीका केली. हात-पाय दुबळे असले तर व्यायाम देतात, तसा मनालाही व्यायाम द्यावा, असे ते म्हणत. त्यांच्या देखरेखीखालील वर्गांत मागे पडलेली मुले पुतळ्याचा खेळ खेळत. गुरुजींनी खूण करताच सर्वांनी आहे तसे निश्चल उभे राहावयाचे. आमच्या लहानपणी आम्ही अंगणात खेळत असू तोच हा खेळ! त्यातून लक्ष एकाग्र करण्याची सवय त्या मुलांना लागे. त्याच पुस्तकात मुलांच्या डोळ्यांवर आणि कानांवरही त्यांनी एक प्रकरण लिहिले. फळ्यावरचे दिसत नाही किंवा बोललेले ऐकू येत नाही, म्हणून कित्येक मुले आळशी अथवा मठ्ठ ठरतात, तेव्हा आधी ते तपासावे, असा त्यांचा आग्रह होता. त्याच वर्षी फ्रान्समध्ये मागे पडणाऱ्या मुलांसाठी खास वर्ग काढण्याचा कायदाही झाला.

१९११ साली त्यांनी चाचणीत आणखी सुधारणा केली आणि त्याच वर्षी १८ ऑक्टोबर रोजी पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. वय अवघे चोपन्न.

आपल्याकडे मापात पाप अशी एक म्हण आहे. माप खरे असले तरी मापारी कसा आहे यावर सर्व अवलंबून. बिने गेले आणि माप दुसऱ्यांच्या हाती गेले. १९१२ मध्ये जर्मनीतील विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला खऱ्या वयाने भागण्याची कल्पना काढली. अमेरिकेतील लुई टर्मन यांनी १९१६ साली चाचणीची मोठी आवृत्ती काढून त्या भागाकाराला शंभराने गुणले आणि बुद्ध्यंक रूढ झाला. टर्मन आणि हेन्री गोडार्ड हे दोघेही बुद्धी आनुवंशिक आणि कायमची असे मानणारे. गोडार्ड यांच्या मदतनीस बायकांनी १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या बंदरात उतरणाऱ्या परदेशी लोकांच्या चाचण्या घेतल्या. बोटीच्या प्रवासाने शिणलेली, भाषा न जाणणारी ती माणसे. त्यांतील बहुतेकांना मंदबुद्धी ठरविण्यात आले! मंदबुद्धी लोकांना मुले होऊ नयेत म्हणून शस्त्रक्रिया करण्याचे कायदेही अमेरिकेतील अनेक राज्यांत होते. व्हर्जिनियातील कॅरी बक या तरुण मुलीचे मानसिक वय नऊ वर्षांचे ठरविले गेले. १९२७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावरील शस्त्रक्रियेस मान्यता दिली. तिची लहानगी मुलगीही मंद आहे असे न्यायालयात सांगितले गेले होते. तीच मुलगी पुढे शाळेत गेल्यावर गुणवान मुलांच्या यादीत आली, पण आठव्या वर्षी आजाराने वारली. अशा कायद्यांखाली अमेरिकेत साठ हजारांहून अधिक माणसांवर शस्त्रक्रिया झाल्या. आपण चुकलो हे गोडार्ड यांनी १९२८ मध्ये कबूल केले. परंतु तोवर फार उशीर झाला होता.

ही चाचणी आपल्या मराठी मुलांपर्यंतही आली. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कानडी बोलणाऱ्या मुलांसाठी बिने यांच्या चाचणीचे रूपांतर केले आणि भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील त्यांचे पुस्तक १९४० साली निघाले. बिने-कामत या जोडनावाने ती चाचणी आपल्या देशातील कित्येक दवाखान्यांत वापरली गेली. परक्या मुलांसाठी केलेले प्रश्न नुसते भाषांतर करून चालत नाहीत; आपल्या मुलांच्या अनुभवातील वस्तू आणि आपल्या मुलांचीच सरासरी घ्यावी लागते, हे त्यांनी जाणले होते.

आज बुद्ध्यंक भागाकाराने काढीत नाहीत. त्याच वयाच्या मुलांशी तुलना करतात. सरासरी शंभर धरतात आणि दर तीन मुलांतील साधारण दोन पंच्याऐंशी ते एकशेपंधरा यांच्या दरम्यान असतात. केवळ आकड्यावरून कोणालाही बौद्धिक अक्षम ठरवीत नाहीत. मूल स्वतःचे जेवणखाण, कपडे, पैसे, बोलणेचालणे कसे सांभाळते हेही पाहावे लागते. आपल्या देशाच्या २०१६ च्या अपंगत्वविषयक कायद्यात बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार आणि वाचन-लेखनातील विशिष्ट अडचण या तीन गोष्टी निरनिराळ्या नोंदल्या आहेत. जे गाठोडे आपण अजून सोडत नाही, ते कायद्याने सोडले आहे.

आता माझी हकीकत. ही सुमारे चाळीस वर्षांपूर्वीची. मी तालुक्याच्या गावी तिसरीच्या वर्गावर होते. वर्गात पन्नासावर मुले. त्यांत एक मुलगी नेहमी मागच्या बाकावर बसे. मी विचारावे एक, तिने सांगावे दुसरेच. मुले हसत, आणि आज लिहावयास लाज वाटते, पण मीही हसे. तिचा एक कान वाहत असे, हे मी रोज पाहत होते. त्याचा नि उत्तराचा संबंध मात्र माझ्या डोक्यात कधी आला नाही. वर्षअखेरीस प्रगतिपुस्तकात तिच्या नावापुढे मी बुद्धीने मंद असा शेरा लिहिला. चौथीनंतर वडिलांनी तिला शाळेतून काढले. बाईंनीच लिहिले आहे म्हटल्यावर ते तरी काय करणार?

पुढे पंधरा-सोळा वर्षांनी एस. टी. स्टँडवर एका तरुण बाईने वाकून मला नमस्कार केला. तिने ओळख दिली, मी काही बोलले, आणि तिने मान वळवून उजवा कान माझ्याकडे केला. तेव्हा मला उलगडा झाला. ती कपडे शिवते. वीस-पंचवीस गिऱ्हाइकांच्या पोलक्यांची मापे तिला तोंडपाठ होती. माझ्याविषयी तिच्या मनात राग दिसला नाही. बाईंनी शिकविलेल्या कविता अजून येतात असे ती कौतुकाने म्हणाली. गाडी आली, ती गेली. मी क्षमा मागावयास हवी होती. ते माझ्याकडून झाले नाही. हा अंक छापून आला की तिच्या गावी एक प्रत पाठविणार आहे.

बिने यांना चुकल्यावर ते छापून कबूल करण्याचे धैर्य झाले, आणि त्या कबुलीतूनच त्यांचे पुढचे काम उभे राहिले. आपण साध्या गृहिणी, आया, आज्या. पण रोज कोणाचे ना कोणाचे माप घेतच असतो. ही ढ, तो वेडगळ, ही चलाख, असे शेरे आपल्या तोंडून सहज जातात आणि लेकरू ते आयुष्यभर वागविते. तेव्हा घरी असा कागद आला तर रडत बसू नये. मुलाचे कान-डोळे तपासले का, चाचणी त्याच्या भाषेत झाली का, त्या दिवशी ते घाबरलेले किंवा उपाशी होते का, हे आधी विचारावे. आणि मग आता याला मदत कोणती द्यावयाची, हा प्रश्न विचारावा. चाचणी निघाली ती याच एका प्रश्नासाठी. येत्या बुधवारी वर्ग नेहमीच्या वेळी आहे. ज्यांच्या घरी असे कागद असतील त्यांनी ते संकोच न करता बरोबर आणावेत.